हात कुठवर जातो?

खांदा दुखतोय हे म्हातारी माणसं सांगत नाहीत, ते त्यांच्या वागण्यात दिसतं. नऊवारी नेसणारीला मागचा कासोटा खोचता येईना, तो सून खोचून देते. अंबाडा मानेवर उतरतो, कारण हात त्याच्या वर जात नाही. बाप्यामाणूस सदऱ्यात आधी दुखरा हात घालायला शिकतो. एसटीत वरची दांडी सोडून सीटची पाठ धरली जाते. यातच सहा-आठ महिने जातात, आणि मग डॉक्टरने "किती दिवस झाले?" विचारलं की उत्तर येतं, "झाले असतील पंधरा दिवस." कासोटा कधीपासून जमत नाही, असं विचारणारा डॉक्टर भेटला तर त्याचा पत्ता जपून ठेवावा.

*

साठीनंतरच्या खांद्याच्या तक्रारी मी दोन ढिगांत टाकतो. ओट्यावरून, गाडीवरून, गोठ्यात, न्हाणीत पडलं आणि त्या घटकेपासून हात उचलेना, हा एक ढीग. पडझड काही नाही, हळूहळू दुखत दुखत आखडत गेला, हा दुसरा. पहिल्यात घाई करायची, दुसऱ्यात करायची नाही. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. पडलेला माणूस आंबेहळद आणि रक्तचंदनाचा लेप लावून महिनाभर घरी बसतो, आणि आखडलेला माणूस एमआरआयचं पाकीट काखेत मारून ऑपरेशनची तारीख विचारत हिंडतो.

*

खुब्याचा सांधा खोल असतो, वाटीत गोळा बसावा तसा. खांद्याचं तसं नाही. तिथे वाटी इतकी उथळ, की गोळा तीवर नुसता टेकलेला असतो. म्हणून तर हात चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच खांदा सगळ्यांत जास्त निखळतो. त्या गोळ्याला जागेवर धरून ठेवतात ते फऱ्याच्या हाडापासून निघालेले चार स्नायू आणि त्यांचे कंडरे. डॉक्टर त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. वयाबरोबर हे कंडरे विरतात, कधी फाटतात, आणि पुष्कळदा मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

जपानमधल्या एका डोंगराळ गावातल्या ६८३ माणसांचे १,३६६ खांदे सोनोग्राफीने तपासले होते. २०१० साली तो अभ्यास छापून आला. २०.७ टक्के खांद्यांत कंडरा आरपार फाटलेला सापडला. ज्यांची काही तक्रारच नव्हती त्यांच्यातही हे प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास निघालं. ही माणसं शेतावर जात होती, ओझी उचलत होती.

तेव्हा सत्तरीच्या माणसाच्या एमआरआयच्या कागदावर 'टेअर' लिहून आलं म्हणून घरात रडारड करायचं कारण नाही. त्या वयात तो कागद कोरा आला तरच नवल. फाटलेलं आहे ते दुखतंय का, आणि दुखतंय ते त्या फाटण्यामुळेच का, हे फिल्म सांगत नाही. ते सांगायला माणसाचा खांदा हातात घ्यावा लागतो.

*

हातात घेण्याची एक साधी रीत सगळे ऑर्थोपेडिक डॉक्टर शिकलेले असतात. आधी म्हणायचं, तुम्ही उचला. मग म्हणायचं, आता सैल सोडा, मी उचलतो. तुम्हाला उचलत नाही पण डॉक्टरने उचलला तर सहज वर जातो, तर कंडरा किंवा नस यांच्याकडे संशय जातो. तुम्हालाही उचलत नाही, डॉक्टरलाही नाही, कोपर कमरेला टेकवून पंजा बाहेर वळवायला गेलं तर तोही वळत नाही, आणि एक्स-रे मात्र स्वच्छ, तर खांदा आखडलेला आहे. दोन मिनिटांचं काम. रांगेत दीड तास बसल्यावर ही दोन मिनिटं मिळत नसतील तर तो दवाखाना कितीही नावाजलेला असो, खांद्यासाठी उपयोगाचा नाही.

*

याच्याही आधीची पायरी म्हणजे कपडे. दोन्ही खांदे उघडे करून पाठीमागून पाहिल्याशिवाय फऱ्यावरचा स्नायू वाळून पडलेला खड्डा दिसत नाही, आणि तो खड्डा जुन्या, मोठ्या फाटण्याची खूण असू शकतो. आमच्याकडच्या आज्या परपुरुषासमोर पदर सारत नाहीत, डॉक्टरही संकोचतो, आणि सगळी तपासणी लुगड्यावरून उरकते. पडदा आहे का, सिस्टर हजर असते का, सोबतच्या बाईला आत येऊ देतात का, हे मी डॉक्टरच्या पदवीइतकंच महत्त्वाचं धरतो. जाताना समोरून उघडणारा सैल झंपर घातला तर निम्मी अडचण घरीच सुटते.

*

सिन्नरची निराळी गोष्ट. इथे घराघरांत विडी वळली गेली. मांडीवर सूप, मान खाली, बोटं चाललेली, आणि हे चाळीस-चाळीस वर्षं. अशी बाई "खांदा दुखतो" म्हणते तेव्हा दुखणं खांद्याचं असेलच असं नाही. मानेच्या मणक्यात नस दबली की कळ फऱ्यावरून दंडात उतरते, कोपराच्या खाली जाते, बोटांना मुंग्या येतात. खांद्याची कळ बहुधा दंडापर्यंत येऊन थांबते. म्हणून आधी मान फिरवून बघणारा डॉक्टर बरा. मानेच्या दुखण्यासाठी खांद्यात सुया टोचून घेतलेल्या बायका या तालुक्यात शोधाव्या लागत नाहीत.

मशेरीचंही विचारायला हवं. ऑपरेशनने शिवलेला कंडरा भरून यायला तंबाखूमुळे अडचण होते, मग ती विडीतून गेलेली असो की मशेरीतून. पुरुषांना हा प्रश्न विचारतात. बायकांना सहसा कोणी विचारत नाही, आणि त्या आपणहून सांगत नाहीत.

*

डावा खांदा दुखतो, दुखणं चढ चढताना वाढतं, थांबलं की थांबतं, घाम फुटतो: हाडांच्या डॉक्टरकडे नाही, आधी ईसीजी. उजव्या खांद्याच्या टोकाला, जेवणानंतर, पोटासकट: पित्ताशय बघा. एवढंच.

*

बोस्टनचा अर्नेस्ट ॲमरी कॉडमन. जन्म १८६९, मृत्यू १९४०. खांद्याच्या वैद्यकाचा हा मूळपुरुष. कंडरा फाटण्यावर त्याने १९११ मध्येच लिहिलं. १९३४ साली खांद्यावर अख्खं पुस्तक काढलं आणि 'फ्रोझन शोल्डर' हे नाव रूढ केलं. कमरेत वाकून हात लोंबता सोडून लंबकासारखा हलवायचा व्यायाम सिन्नरपासून न्यूयॉर्कपर्यंत प्रत्येक फिजिओ शिकवतो, तो याच्याच नावाने ओळखला जातो.

पण मला तो आवडतो तो वेगळ्याच कारणासाठी. त्याचं म्हणणं असं की दवाखान्याने प्रत्येक रोग्याचा निदान वर्षभर माग ठेवावा, शेवटी त्याचं काय झालं ते लिहावं, बरा झाला नसेल तर का नाही तेही लिहावं, आणि हे सगळं लोकांपुढे ठेवावं. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये बढत्या ज्येष्ठतेने मिळत. कॉडमनचं म्हणणं, त्या निकालावर मिळाव्यात. ते मान्य होईना तेव्हा १९१४ मध्ये त्याने तिथला राजीनामा दिला. पुढल्या वर्षी भरसभेत त्याने एक व्यंगचित्र फडकवलं, त्यात सोन्याची अंडी देणारा, वाळूत डोकं खुपसलेला पक्षी होता आणि बडे डॉक्टर ती अंडी वेचत होते. व्हायचा तो गहजब झाला. त्याने स्वतःचा छोटा दवाखाना काढलाच होता. तिथून १९११ ते १९१६ या काळात घरी गेलेल्या ३३७ रोग्यांचा हिशेब त्याने छापला आणि त्यात स्वतःच्या १२३ चुका मोजून दाखवल्या. सगळे वैतागले, रोगी कमी झाले, दवाखाना बंद पडला.

शंभर वर्षं उलटली. नाशिकच्या मुंबई नाक्यावरून गंगापूर रोडला जाताना हॉस्पिटलांचे फलक वाचत जा. हसरे आजी-आजोबा दिसतात, आकडा एकही दिसत नाही. तेव्हा आपणच विचारायचं: "डॉक्टर, माझ्या वयाच्या किती जणांचं हे ऑपरेशन तुम्ही केलंत, आणि वर्षाने त्यांचा हात कुठवर गेला?" यावर रागावणारा डॉक्टर मी बाद करतो. "मोजून ठेवलं नाही, पण अंदाजे सांगतो, आणि दोघातिघांचा हात खांद्याच्या वर गेला नाही" असं म्हणणारा मी निवडतो.

*

आखडलेला खांदा. जुने डॉक्टर अजून चिठ्ठीवर 'पीए', म्हणजे पेरिआर्थ्रायटिस, लिहितात, १८७२ मध्ये दुप्ले नावाच्या फ्रेंच सर्जनने दिलेल्या नावाचा तो शेवटचा अवशेष. साखरेच्या रोग्यांना हे दुखणं जास्त होतं, जास्त चिवट असतं, आणि कधी कधी आखडलेला खांदाच आधी येतो व साखर त्याच्या निमित्ताने सापडते. म्हणून रक्ताची चिठ्ठी देणारा हाडांचा डॉक्टर कमिशनसाठीच देतो असं धरून चालू नये. थायरॉइडचंही तसंच.

हे दुखणं वर्ष-दोन वर्षं, कधी तीनही घेतं आणि पुष्कळसं आपोआप सुटतं. ब्रिटनमध्ये ५०३ रोग्यांवर तुलना झाली, २०२० मध्ये निकाल आला: इंजेक्शन आणि ठरवून दिलेली फिजिओथेरपी, भूल देऊन खांदा मोकळा करणं, दुर्बिणीने सोडवणं. वर्षाअखेर तिन्हींत म्हणण्यासारखा वरचढ कोणीच ठरला नाही. मग स्वस्तापासून सुरुवात का करू नये? मात्र साखर असेल तर स्टेरॉइडच्या इंजेक्शननंतर काही दिवस ती चढते, हे डॉक्टरने सुई भरायच्या आधी सांगितलं पाहिजे. नंतर मेडिकलवाल्याकडून कळणं बरं नव्हे.

*

'हाडाचं टोक घासून जागा करू' हे दुर्बिणीचं ऑपरेशन जगभर लाखोंनी झालं. ब्रिटनमध्ये ३१३ रोग्यांचे तीन गट केले: एकाचं खरं ऑपरेशन, एकाला नुसती दुर्बीण घालून बाहेर, एकाला काहीच नाही. २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये छापलं: खऱ्या आणि नुसत्या दुर्बिणीत फरक नाही, आणि काहीच न केलेल्यांपेक्षा दोन्ही जेमतेम सरस, इतके की रोग्याला जाणवू नये. या ऑपरेशनची घाई करणाऱ्याला हे ठाऊक आहे का, ते मी आडून विचारून बघतो. ठाऊक असूनही तो म्हणाला की तुमच्या बाबतीत कारण वेगळं आहे, तर ऐकून घेतो.

*

पडलेल्यांकडे वळू. दंडाचं हाड खांद्याजवळ मोडणं हे म्हाताऱ्या बायकांचं ठरलेलं दुखणं. हाड विरळ झालेलं, पाय घसरतो, हात पुढे टेकला जातो. फिल्मवर तुकडे सरकलेले पाहून मुलगा म्हणतो, "प्लेट टाका, पैशाचं बघू." इथेही २०१५ चा एक ब्रिटिश अभ्यास उपयोगी आहे: सरकलेल्या मोडीचे २५० रोगी, निम्म्यांचं ऑपरेशन, निम्म्यांचा हात नुसता गळ्यात, दोन वर्षांनी दोघांत फरक नाही. गोळा मोडून शिवाय निखळलाही असेल तर ती गोष्ट वेगळी. तसे रोगी त्यात नव्हतेच.

तेव्हा "आर्म पाऊच घाला, आठवड्याने फिल्म काढू" म्हणणाऱ्या डॉक्टरला काही येत नाही असं समजू नये. एक मात्र बघावं. चार-पाच दिवसांत काळंनिळं कोपरापर्यंत आणि छातीवर उतरतं, आणि घरचे घाबरून रात्री धावतात. हे उतरणार, रात्री आडवं झोपवणार नाही, टेकून बसल्यासारखं झोपा, बोटं आणि मनगट पहिल्या दिवसापासून हलवा: एवढं आधीच सांगून ठेवणारा डॉक्टर खरा अनुभवी.

आणि म्हातारी पडली का? मोतीबिंदू, रक्तदाबाची गोळी, रात्री न्हाणीत दिवा नसणं. हाड विरळ झालंय का, याची तपासणी आणि औषध. एका खांद्याच्या मोडीनंतर खुब्याची पाळी येऊ नये म्हणून हे विचारायचं असतं. विचारणारे थोडे.

*

खांदा निखळला की बसवणारे आपल्याकडे पूर्वीपासून. सुश्रुतसंहितेत निखळलेल्या सांध्यांचे सहा प्रकार आणि मोडलेल्या हाडांचे बारा दिले आहेत, आणि खांद्यासाठी काखेत मुसळ घालून उचलायचं सांगितलं आहे. हाडवैद्याला मी हसत नाही. तरण्या पोराचा खांदा तो बसवतोही. पण साठीच्या पुढे फिल्म काढल्याशिवाय कोणालाही ओढू देऊ नये, कारण निखळण्याबरोबर हाडाला चीर असेल तर ओढण्याने ती पुरती मोडते.

बसला म्हणजे झालं, असंही नाही. या वयात निखळताना कंडरा फाटल्याची शक्यता मोठी. दंडाच्या बाहेरच्या अंगाला बधिर चकती जाणवते का ते बघायचं, ती नसेची खूण. दोन-तीन आठवड्यांत हात वर उचलू लागला नाही तर सोनोग्राफी किंवा एमआरआय मागून घ्यायचा. इथे मात्र थांबायचं नाही: पडून फाटलेला कंडरा महिनोन्‌महिने तसाच राहिला की मागे सरकतो, स्नायूत चरबी भरते आणि मग शिवायला काही हाती लागत नाही. आधीच्या पानांवर मी ऑपरेशनला इतकं नाही-नाही म्हटलं, ते इथे लागू नाही.

*

विहिरीवरच्या मोटरीचा शॉक बसून फेकला गेलेला, किंवा फीट आलेला माणूस. अशांचा खांदा मागच्या बाजूला निखळतो, आणि समोरून काढलेल्या एकाच फिल्ममध्ये तो ठाकठीक दिसू शकतो. दुसऱ्या दिशेने फिल्म काढायला सांगणारा डॉक्टर हवा. "एक्स-रे नॉर्मल आहे" ऐकून घरी गेलेले असे खांदे पुढे महिन्यांनी सापडतात.

*

सिन्नरहून डॉक्टर शोधायचा म्हणजे मोहदरी घाट उतरायचा, तीसेक किलोमीटर. नाशिकचं जिल्हा रुग्णालय, आडगावला डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय, घोटीच्या रस्त्याने गेलं तर धामणगावचं एसएमबीटी. शिकाऊ डॉक्टर हात लावतील म्हणून लोक कॉलेजच्या दवाखान्याला नाक मुरडतात. माझं मत उलटं आहे. परीक्षा तोंडावर आलेला विद्यार्थी खांद्याची प्रत्येक चाचणी पुस्तकाबरहुकूम करतो, मान बघतो, दुसऱ्या खांद्याशी ताडून बघतो, आणि मग सरांपुढे सगळं म्हणून दाखवतो. बसल्या जागी दोन मतं मिळतात.

पण डॉक्टर निवडताना लोक विसरतात ते असं: कंडरा शिवायला दीड-दोन तास लागतात, त्यानंतर चार ते सहा आठवडे हात बांधलेला, आणि पुढे चार-सहा महिने व्यायाम. ऑपरेशन नाशिकला होईल, पुण्याला होईल. व्यायाम सिन्नरलाच व्हायचा आहे. पंचाहत्तरीच्या पुढे एसटी फुकट आहे, २०२२ पासून, पण गळ्यात हात बांधलेल्या म्हातारीबरोबर आठवड्यातून तीनदा जाणाऱ्याचा रोज बुडतो तो कोण देतो? म्हणून मी तर म्हणेन, आधी आडव्या फाट्यापासून चालत जाण्याजोगा फिजिओ शोधा, मग सर्जन. मशीन लावून पंधरा मिनिटं झोपवणारा नको. कप्पी ओढायला लावणारा, भिंतीवर बोटं चढवत नेऊन पेन्सिलीने खूण करणारा हवा. आणि सर्जनला विचारायचं, तुम्ही आमच्या फिजिओशी फोनवर बोलाल का? 'हो' म्हणणारे आहेत.

*

सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, ऑक्टोबर २०२४ पासून, वर्षाला ५ लाखांपर्यंत. महात्मा फुले जन आरोग्य योजनाही आहेच. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला आधी भेटावं. मला त्यातली एक गोष्ट खटकते. योजना भरती झालेल्याचा खर्च उचलते. रोज येऊन-जाऊन करायच्या फिजिओथेरपीचा नाही. म्हणजे ज्या खांद्याला सहा महिने व्यायामच पुरे आहे त्याच्या मालकाला व्यायाम विकत आणि ऑपरेशन फुकट. गरीब माणूस काय निवडेल?

*

पॅरिसमध्ये १८९३ साली पेआँ नावाच्या सर्जनने क्षयाने सडलेल्या खांद्यात कृत्रिम सांधा बसवला. रोगी पाववाला, सांधा बनवणारा दातांचा डॉक्टर, सामान प्लॅटिनम आणि रबर. पू होत राहिला म्हणून दोनेक वर्षांनी तो काढावा लागला. १९८५ च्या सुमारास दिजाँच्या ग्रामोंने उलटाच विचार केला: गोळ्याच्या जागी वाटी आणि वाटीच्या जागी गोळा. मग कफ गेलेला असला तरी दंडावरचा मोठा स्नायू एकटा हात उचलू शकतो. कफ पूर्ण गेला, सांधाही झिजला, रात्री झोप नाही, अशा सत्तरीच्या माणसाला याचा खरा उपयोग. पण हे गुडघ्यासारखं सर्रास होणारं काम नाही. एवढ्या एका ऑपरेशनसाठी मात्र सिन्नर-नाशिक असं धरून बसू नये, जो ते सतत करतो त्याच्याकडे, पुणे असो की मुंबई, जावं.

*

जाताना न्यायचं: जुन्या सगळ्या फिल्मा, नुसते रिपोर्ट नव्हेत. चालू गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, विशेषतः रक्त पातळ करणारी असेल तर ती. आतापर्यंत खांद्यात किती इंजेक्शनं घेतली, कुठे. पाटीवर एमएस ऑर्थो, डीएनबी किंवा डी ऑर्थो यांतलं काय आहे ते वाचावं. 'हाडांचे तज्ज्ञ' एवढंच असेल तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा, त्यात अपमान काही नाही. सोबत मुलगा नको, रोज कासोटा खोचून देणारी सून न्यावी, तिला सगळं माहीत असतं. दुसरं मत घ्यायला गेलात तर पहिल्याचा कागद लगेच पुढे करू नका. आधी खांदा बघू द्या, मग कागद दाखवा. दोघांचं जमलं तर ठीक; नाही जमलं तर कुठे जमत नाही तेवढंच विचारायचं.